दुर्गच्या मैदानावर मी बाद झाले

खो-खो लांबून खेळता येत नाही. बसलेल्या मुलीच्या पाठीवर हात मारून खो द्यावा लागतो, आणि पळणारीला हात लागल्याशिवाय ती बाद होत नाही. दुर्गच्या मुलींच्या शाळेत मला खो-खोत घेत नसत ते एवढ्यासाठीच.

आम्ही नागपूरकडचे. बाबा रेल्वेत गँगमन होते, रुळांच्या कामावर फिरत फिरत छत्तीसगडात दुर्गला आले होते. आमची जात महार. माय आणि बाबा नागपूरला जाऊन बौद्ध झाले होते, पण शाळेला त्याचं काही नव्हतं. शाळेत मी दारापाशी बसायची, घरून आणलेल्या गोणपाटावर. माझ्यासारख्या आणखी दोघीतिघी होत्या, आमची ती वेगळी ओळ. पाटी तपासायची वेळ आली की ती गुरुजींसमोर जमिनीवर ठेवून मागे सरायचं. ते खुर्चीतूनच वाकून बघायचे. पाण्याच्या माठाला हात लावायचा नाही, चपराशीण येईल तेव्हा ओंजळ धरायची. ती कामात असली तर तहान तशीच घरी न्यायची. हे कुठं लिहून लावलेलं नव्हतं. कायद्यानं तर शिवाशिवीला बंदीच आहे, असं बाबा सांगायचे. पण कुणी कुठं बसायचं हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि आम्हालाही.

खो-खोच्या तासाला माझ्याकडे एक काम होतं. पिशवीतला चुना मुठीनं सोडत मैदानावर रेषा आखायच्या. त्या मी इतक्या सरळ आखायची की गुरुजीसुद्धा काही बोलायचे नाहीत. मग आंब्याखाली उभं राहून खेळ बघायचा. कोणता खुंट झुकलेला आहे, कुठल्या कोपऱ्यात माती भुसभुशीत आहे, कोण डावीकडे झुकून उजवीकडे पळते, हे सगळं मला पाठ होतं. फक्त पळायचं तेवढं राहिलं होतं.

त्या शाळेत माझ्याशी बोलणारी एकच मुलगी होती. जुन्या बाजारातल्या मराठी घरातली. रायपूर-दुर्गला पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या लोकांपैकी, घरात सोवळंओवळं कडक. त्यांची शेती बोरसीला होती आणि तिथल्या बोरीची बोरं ती दप्तरात भरून आणायची. मधल्या सुट्टीत माझ्यापासून चार हात लांब उभी राहून एकेक बोर माझ्या ओच्यात नेम धरून टाकायची आणि नेम चुकला की स्वतःच हसायची. मी तिला मनात बोरंवाली म्हणायची. तिनं मला कधी हात लावला नाही. मलाही ते वावगं वाटलं नव्हतं, कारण तेवढं बोलणंसुद्धा दुसरी कुणी करत नव्हती.

मग भिलाईला पोलादाचा कारखाना उभा राहू लागला आणि बाबांनी रेल्वे सोडून तिकडे नोकरी धरली. क्रेननं उचलायच्या लोखंडाला साखळ्या बांधणाऱ्या टोळीत ते होते. पहिल्या दिवशी घरी आले तेव्हा अंगावर लाल धूळ आणि तोंडभर हसू होतं.

"काय सांगू तुले," ते मायला म्हणाले. "माह्यासंगं एक केरळचा हाय, एक पंजाबी, एक तेलगू. कोणाले कोणाची भाषा समजत नाही. जात कावून इचारतील?"

माय म्हणाली, "इचारतील. भाषा शिकले की इचारतील."

दोघांचंही खरं झालं, पण बाबांचं आधी खरं झालं.

काही महिन्यांनी आम्हाला कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टरमध्ये क्वार्टर मिळालं. वीज होती, घरात नळ होता, आणि दाराबाहेर सगळीकडे खणलेली माती, विटांचे ढीग, अर्धवट रस्ते. रोज सकाळी बघावं तर कालची पायवाट गायब आणि तिच्या जागी नाली. आम्हा पोरांना याची भारी मजा वाटायची. शाळाही तशीच, अर्धी बांधलेली. दोन खोल्यांवर छप्पर होतं, बाकीचे वर्ग पत्र्याच्या शेडमध्ये.

मी गोणपाट घेऊनच गेले होते. मायनं धुऊन, वाळवून, घडी करून दिलं होतं. वर्गाच्या दारापाशी मी ते अंथरलं आणि बसले. मुख्याध्यापिका आत आल्या. सगळे त्यांना बडी बहनजी म्हणत. उंच, चष्मा लावणाऱ्या, हिंदी बोलणाऱ्या बाई. माझ्याजवळ येऊन त्या थांबल्या.

"यहाँ क्यों बैठी हो?"

 त्या प्रश्नाचं उत्तर दुर्गला कधी द्यावंच लागलं नव्हतं.

"बेंच आ गए हैं, बेटा. उठो," त्या म्हणाल्या, आणि सगळ्या वर्गाला भिंतीशी उभं करून त्यांनी उंचीनं ओळ लावली. बुटक्या पुढे, उंच मागे. मी सगळ्यांत बुटकी. माझा दंड धरून त्यांनी मला पहिल्या बाकावर, अगदी मधोमध बसवलं. डावीकडे मल्याळी मुलगी, उजवीकडे पंजाबी. बाकाला नव्या पॉलिशचा वास येत होता आणि उन्हानं फळी जरा चिकट झाली होती. तिघींची कोपरं एकमेकींना लागत होती. त्या दिवशी काय शिकवलं ते मला बिलकुल आठवत नाही. मी कोपरं मोजल्यासारखी नुसती तेच बघत होते. उजवीकडची मुलगी लिहिताना मला ढकलायची आणि मी तिला ढकलायची, आणि कोणी काही म्हणत नव्हतं.

मधल्या सुट्टीत शेडमागच्या नळावर झुंबड होती. मी सवयीनं बाजूला उभी राहिले. पंजाबी मुलीनं मला पुढे ओढलं. ती सरळ नळाला तोंड लावून प्याली, मग मी. गरम, लोखंडाच्या चवीचं पाणी. मी पोट दुखेस्तोवर प्याले.

घरी येऊन मायला सांगितलं तर तिनं चुलीवरचा तवा उतरवून ठेवला आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. बाबा ड्यूटीवरून आल्यावर तिसऱ्यांदा. मग गोणपाट मायनं दाराबाहेर टाकलं, पाय पुसायला.

सगळंच गोड होतं असं नाही. शेजारच्या क्वार्टरमधल्या मराठी बाईंनी आठवडाभरात आमचं आडनाव विचारलं आणि त्यानंतर त्यांच्या घरून येणारी वाटी बंद झाली. माय म्हणाली ते हेच. पण शाळेत बडी बहनजींनी उंचीशिवाय दुसरी कुठली ओळ कधी लावू दिली नाही. एका पालकानं येऊन काही सांगितलं म्हणे, तर त्या म्हणाल्या, आपल्या मुलीची उंची वाढली की आपोआप मागच्या बाकावर जाईल.

मी सातवीत गेले त्या वर्षी खेळाच्या बाई आल्या. अमरावतीकडच्या, बारीक चणीच्या, गळ्यात शिट्टी, पदर कमरेला खोचलेला. त्यांनी आल्या आल्या मैदान मोजलं आणि विचारलं, "खो-खो कुणाकुणाला येतं?"

माझा हात वर गेला. खरं तर मी एकदाही खेळले नव्हते.

बाईंनी मला पळायला उभं केलं आणि मी पळाले. अजून ते पायांत आहे. वर्षानुवर्षं बघून बघून जे साठलं होतं ते सगळं एकदम पायांत उतरलं. कुठे वळायचं, कधी दोघींच्या मधून पलीकडे निसटायचं, कुणाचं तोंड कुठल्या बाजूला आहे, मला विचारच करावा लागत नव्हता. बाईंनी शिट्टी वाजवली तेव्हा मी धापा टाकत होते आणि सगळ्या मुली माझ्याकडे बघत होत्या.

"कोणी शिकवलं तुला?" बाईंनी विचारलं.

"बघून," मी म्हणाले.

आमचा संघ तयार झाला. बाकावरची माझी पंजाबी शेजारीण तोवर हातभर वाढली होती, ती कॅप्टन झाली. तिला खो-खो हा शब्दच विनोदी वाटायचा, पण पळायला लागली की वाऱ्यासारखी. मल्याळी मुलगी खुंटाशी बसायची. बाकीच्या बंगाली, तेलगू, एक ओडिया. भांडणं हिंदीतून चालायची आणि खूप चिडलं की आपापल्या भाषेतून. रोज संध्याकाळी बाई आम्हाला दमवायच्या. घरी जाताना भट्टीवरचं आकाश तांबडं झालेलं असायचं आणि आम्ही त्या तांबड्या उजेडात रस्त्यावरसुद्धा एकमेकींना खो देत जायचो.

एक दिवस बाईंनी सांगितलं, "सामना ठरलाय. दुर्गला." आणि शाळेचं नाव घेतलं. माझी जुनी शाळा.

मी घरी सांगितलं.  माय म्हणाली, "जायचं हाय का तुले?"

"जायचं हाय."

"मंग जा. पन तिथं कोणी काही बोललं त तोंड खाली घालू नको."

कारखान्याचा ट्रक मिळाला होता. मागे उभ्या राहून, कडेला धरून, आम्ही निघालो. भिलाईतल्या पावर हाउस नावाच्या बाजारातून जाताना कॅप्टननं ओरडून ओरडून गाणी म्हटली, केळीवाल्यांनी हात हलवले, आणि धुळीनं आमचे पांढरे फ्रॉक दुर्ग येईपर्यंत विटकरी झाले. मला भूक लागत नव्हती, तहान लागत नव्हती. 

मैदान तेच. आंबाही तोच. रेषा वाकड्या आखल्या होत्या, ते मी ट्रकमधून उतरताच पाहिलं. जुने गुरुजी खुर्चीत बसले होते. मला पाहून त्यांनी डोळे बारीक केले. त्यांच्या संघातल्या मुली कुजबुजायला लागल्या. "अगं, ही तर दारापाशी बसायची ती." त्यांच्यात बोरंवाली होती, दोन वेण्या घातलेली, माझ्याहून वीतभर उंच झालेली. ती माझ्याकडे बघून हसली नाही, पण तिनं नजरही वळवली नाही.

पहिल्या डावात त्या पळणार, आम्ही पाठलाग करणार. मला खो मिळाला आणि मी उठले, तशी समोरची मुलगी माझ्यापासून इतक्या जिवाच्या आकांतानं पळाली की मी चकितच झाले. कोपऱ्यात तिला गाठलं, हात पुढे केला, आणि ती सरळ चुन्याच्या रेषेबाहेर गेली. बाद. दुसरीही तशीच रेषेबाहेर गेली. राजनांदगावहून आलेल्या पंचांनी शिट्टी मारून दोन्ही गडी आम्हाला दिले. आमच्या मुली नाचायला लागल्या. "डर गई तुझसे," कॅप्टन म्हणाली. मीही हसले, पण मला कळलं होतं. त्या हरायला तयार होत्या, पण माझा हात लागू द्यायला तयार नव्हत्या.

मग आमची पळायची पाळी. पहिल्या तुकडीत कॅप्टन, बंगाली मुलगी आणि मी. दोघी लवकर बाद झाल्या. आता मैदानात मी एकटी, आणि मी बाद झाल्याशिवाय आमची दुसरी तुकडी आत येणार नव्हती. म्हणजे जोवर मी टिकते तोवर दुर्गला आणखी एकही गडी मिळणार नव्हता.

मी पळत होते. मागून पाऊल जवळ आलं, मानेवर श्वास जाणवला. आता लागला हात, असं वाटलं आणि तो लागला नाही. मला वाटलं, मी वाचले. दुसरी उठली. तीही अगदी जवळ आली, मी खुंटाशी अडकले होते, सुटायला जागाच नव्हती, आणि तिनं वर केलेला हात मागे घेतला. मागे घेताना मी पाहिला तो.

आमच्या मुली आनंदानं किंचाळत होत्या. दुर्गचे लोक ओरडत होते, "अरे पकड, पकड उसको." एकामागून एक त्या उठत होत्या, माझ्यामागे पळत होत्या आणि हात मागे घेत होत्या. मी वेग कमी केला. तरी तेच. शेवटी मी चालायला लागले, आणि मग मैदानाच्या मधोमध उभीच राहिले.

माझ्यामागे पळणारी मुलगीही थांबली. आम्ही दोघी समोरासमोर. तिचे हात पाठीमागे होते.

"हात लाव ना," मी म्हणाले. "तुझा गडी आहे."

ती रडकुंडीला आली. गुरुजी खुर्चीतून उठले होते आणि पंचांना सांगत होते की मुलगी उभी आहे, तिला बाद द्या. पंच म्हणाले, "हाथ लगाए बिना आउट नहीं होता, मास्टरजी. खेल का नियम है." गुरुजी तिथंच घुटमळले. आमच्या बाई रेषेवरून ओरडत होत्या, "उभी कशाला राहिलीस? पळ."

त्या रडकुंडीला आलेल्या मुलीनं वळून सर्वांत जवळच्या पाठीवर थाप मारली. "खो."

उठली ती बोरंवाली.

ती थांबली नाही, तिनं इकडेतिकडे पाहिलं नाही. ती थेट माझ्यावर आली, आणि तिच्या डोळ्यांत जे दिसलं त्यानं माझे पाय आपोआप सुटले. ही लावणार. ही खरोखर हात लावणार. मी आयुष्यात त्या क्षणासारखी पळालेली नाही. खुंटाला वळसा घातला, तीही मागे. बसलेल्या मुलींच्या मधून पलीकडे निसटले, बोरंवालीनं पलीकडे तोंड करून बसलेल्या मुलीला खो देऊन तिची जागा घेतली, त्या मुलीनं पुढच्या खुंटाला वळून लगेच खो परत दिला, आणि फिरून बोरंवालीच उठली. सगळं मैदान ओरडत होतं. भुसभुशीत मातीचा कोपरा आला, मला तो ठाऊक होता, मी तो चुकवला. तिलाही ठाऊक होता. मी डावीकडे झुकले, उजवीकडे पळाले, आणि ती उजवीकडेच उभी होती.

तिचा पंजा माझ्या पाठीवर असा बसला की मी दोन्ही गुडघ्यांवर पडले.

पंचांनी शिट्टी वाजवली. मी तशीच मातीत बसले आणि हसत सुटले. गुडघे सोलले होते, पाठ चुरचुरत होती, आणि मला हसू आवरेना. बोरंवाली कमरेवर हात ठेवून धापा टाकत माझ्यापुढे उभी होती.

"केवढं पळवलंस गं," ती म्हणाली, आणि मला उठवायला हात पुढे केला.

त्यानंतर दुर्गच्या बाकीच्या मुलींनाही चेव आला. माझी पुढची पाळी आली तेव्हा दुसऱ्याच एकीनं मला लगेच बाद केलं. तिनं डोळे मिटून हात लावला, पण लावला. आम्ही सामना हरलो, फार नाही, थोडक्यात.

ट्रकमध्ये कॅप्टन माझ्याशी बोलेना. पावर हाउस आल्यावर तिला राहवलं नाही. "तू खड़ी क्यों हो गई? हम जीत रहे थे."

मी सगळं सांगितलं. दार, गोणपाट, ओंजळ, आंबा. ट्रक आवाज करत होता, म्हणून ओरडूनच सांगावं लागलं. सगळ्या ऐकत होत्या. इतकी वर्षं एका वर्गात बसून कॅप्टनला यातलं काही माहीत नव्हतं, आणि सांगावं असं मलाही कधी वाटलं नव्हतं. तिनं माझ्या सोललेल्या गुडघ्यांकडे पाहिलं. मग म्हणाली, "अगली बार भी खड़ी हो जाना. मैं तेरे साथ खड़ी रहूँगी." बाई पुढे ड्रायव्हरशेजारी बसल्या होत्या, त्यांनी मागच्या खिडकीतून हे ऐकलं की नाही ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला हरल्याबद्दल मैदानाला दुप्पट फेऱ्या मारायला लावल्या. माझ्या गुडघ्यांना मात्र स्वतः हळद लावली.

माय मात्र रागावली. खेळ हरल्याबद्दल नाही, गुडघ्यांबद्दलही नाही. "हात लाव म्हून तू कावून इनवलं त्याहिले?" असं ती म्हणाली. मी म्हटलं, विनवलं नाही, सांगितलं. तिला तो फरक पटला की नाही ते कळलं नाही. तिनं माझा फ्रॉक धुवायला घेतला, पाठीवर उमटलेला मातीचा पंजा पाहिला आणि बराच वेळ फ्रॉक तसाच हातात धरून बसली. मग धुतला.

बोरंवालीची पुढची हकिकत मला तिच्याकडूनच कळली. चुलतीबरोबर ती पावर हाउसला कापड घ्यायला आली होती. चुलती दुकानात गुंतली होती तेवढ्यात ती माझ्याजवळ आली. सामन्याची बातमी तिच्या आधी घरी पोचली होती. घरच्यांनी मागच्या दारी तिला फ्रॉकसकट आंघोळ घातली.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. थंडी वाजली. आणि दुसऱ्या दिवशी आम्ही सगळ्यांनी गुरुजींना सांगितलं."

"काय सांगितलं?"

"की पळायला चांगल्या मुली पाहिजेत. दाराजवळ बसणाऱ्या दोघी आमच्यापेक्षा जोरात पळतात. घ्या त्यांना, नाहीतर भिलाईवाले पुढच्या वर्षी आमचा भुगा करतील."

गुरुजी आधी तयार नव्हते. पण हरण्याची भीती त्यांना बाटण्याच्या भीतीपेक्षा मोठी निघाली, असं ती म्हणाली आणि तिचं तिलाच हसू आलं. माठ बरेच दिवस तसाच राहिला, बसायची ओळही. खेळ मात्र आधी बदलला.

पुढच्या वर्षी त्या आमच्या मैदानावर आल्या. त्यांच्या ओळीत मधल्या चौकोनात दाराजवळच्या त्या दोघींपैकी एक काळी, किडकिडीत मुलगी बसली होती, तेल चोपडून घट्ट वेणी घातलेली. बोरंवाली तिच्या शेजारच्या चौकोनात, उलट तोंड करून. पळायची पाळी आली तेव्हा ती किडकिडीत मुलगी मैदानात उतरली आणि आम्हाला काही सुचेनासं झालं. ती हाती लागेना. मी दोनदा तिच्या वेणीपर्यंत पोचले आणि दोन्हीदा ती मासळीसारखी निसटली. मल्याळी मुलगी दमली, बंगाली दमली, बाई रेषेवर शिट्टी चावत उभ्या. बोरंवाली पलीकडून तिला ओरडून सांगत होती, "वळ, वळ, आता सरळ." वेळ संपल्याची शिट्टी झाली तरी ती बाद झाली नव्हती.

कॅप्टन कमरेत वाकून श्वास घेत माझ्याजवळ आली आणि तिच्याकडे बघत म्हणाली, "इसको इतने साल कहाँ छुपा के रखा था इन लोगों ने?"

मी उत्तर द्यायच्या आत बाईंनी पुढच्या डावासाठी शिट्टी वाजवली आणि आम्ही आपापल्या चौकोनात पळालो.